फुल फॉर्मात बँड बंद केला आणि पडद्यामागे गेला: हेनी व्ह्रींटनचं प्रकरण

बँडचं नाव डू मार. मार खाण्याशी काही संबंध नाही, डचमध्ये याचा अर्थ साधारण "कर की" किंवा "बरं, होऊन जाऊ दे" असा होतो. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये या बँडने जो धुमाकूळ घातला तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, कारण सगळी गाणी डचमध्ये, आणि डच गाणी हॉलंड-बेल्जियमच्या बाहेर जात नाहीत. पण मला इथे बँडची गोष्ट सांगायची नाहीये, त्यातल्या बेसिस्टची सांगायचीय. हेनी व्ह्रींटन. गाणारा, गाणी लिहिणारा आणि बेस गिटार वाजवणारा. १९८४ साली देशातला सगळ्यात मोठा बँड चालू असताना यांनी तो बंद केला, आणि मग हा माणूस पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मुख्यतः दुसऱ्यांच्या चित्रांना संगीत देत बसला. सिनेमे, लहान मुलांचे टीव्ही प्रोग्राम, म्युझिकल्स, शंभर वर्षं जुने मूकपट. लोक याला "स्टारडम सोडलं" वगैरे म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही, का ते पुढे येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म २७ जुलै १९४८, हिल्फारेनबेक नावाच्या गावात, म्हणजे हॉलंडच्या दक्षिणेला ब्राबांट प्रांतात, बेल्जियमची हद्द जवळच. साठ-सत्तरच्या दशकात त्याने बँड केले, टोपणनाव घेऊन सिंगल्स काढली, दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, पण नाव काही झालं नाही. तेव्हा हॉलंडमध्ये रॉक म्हणजे इंग्रजीच. गोल्डन इअररिंग, शॉकिंग ब्लू, फोकस, जे बाहेर गाजले त्यांनी एकतर इंग्रजीत गायलं नाहीतर फोकससारखं मुख्यतः वाद्यांवरच भागवलं. डचमध्ये रॉक म्हटलं की लोक नाक मुरडायचे, आपल्याकडे मराठी रॉकचं नाव काढलं की जे होतं तेच. १९७८ मध्ये एर्न्स्ट यान्स नावाच्या कीबोर्डवाल्याने डू मार सुरू केला, त्यांचा पहिला अल्बम १९७९ ला आला आणि कुणी फार विचारलं नाही. मग त्यांचा बेसिस्ट सोडून गेला आणि त्याच्या जागी व्ह्रींटन आला. म्हणजे हा काही संस्थापक मेंबर नव्हता, रिकामी जागा भरायला आलेला माणूस.

आणि मग गाडी सुटली. १९८१ ला 'स्कंक', १९८२ ला 'डोरिस डे', १९८३ ला '4us' (डचमध्ये चारला 'फीर' म्हणतात, त्यामुळे ते वाचताना 'फीरुस', म्हणजे डचमधल्या 'व्हायरस'सारखं वाजतं, नाव अगदी बरोबर निघालं). यान्स आणि व्ह्रींटन दोघंही लिहायचे, दोघंही गायचे, आणि म्युझिक म्हणजे जमैकाचं स्का आणि रेगे, त्यात थोडं पंकचं खरखरीत अंग.

इथे थांबून बेसबद्दल बोलायलाच पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या रॉकमध्ये बेस गिटारच्या मागे मागे चालतो. रेगेमध्ये उलटं असतं. गिटार आणि कीबोर्ड ऑफबीटवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या जागी, नुसतं चक्-चक् करत राहतात, एका जागी उभे, आणि गाण्याला जी चाल असते ती बेसकडे असते. बेस बोलतो, थांबतो, मोक्याची मात्रा मुद्दाम रिकामी सोडतो, परत येतो. तबल्यात डग्ग्याची घुमार कशी सगळं तोलून धरते आणि तरी लोक चाटीकडेच बघत असतात, तसं काहीसं. आता हे वाजवताना वरून गायचं म्हणजे खरी कसरत. मी कॉलेजात आणि नंतर गणपतीच्या कार्यक्रमांत दहा-बारा वर्षं बेस वाजवलाय (साउंडवाला पहिलं काम काय करायचा तर माझा फेडर, म्हणजे माझ्या आवाजाची पट्टी, खाली ओढायचा, ते एक असो), आणि एकदा हौसेने व्ह्रींटनचं 'इज डिट आलेस' बसवायला घेतलं. "एवढंच का सगळं?" असा त्या नावाचा अर्थ, घर संसार सगळं नीट असलेल्या माणसांना रात्री पडणारा प्रश्न. भाषा येत नाही म्हणून शब्द सोडून नुसतं ला-ला करत गायलो, तरी आठवडाभर बोटं एकीकडे आणि तोंड एकीकडे. गळा जिथे ताणून धरायचा नेमका तिथेच बेसला सोडून द्यायचं असतं. मेट्रोनोम ६० वर आणला तेव्हा कुठे दोन ओळी जमल्या. जो माणूस हे हजारो पोरींच्या किंकाळ्यांत रोज करायचा त्याच्या डोक्यात दोन माणसं राहत असणार, एक पुढे उभा राहून गाणारा आणि एक मागे बसून सगळं सांभाळणारा. माझं म्हणणं एवढंच आहे की १९८४ नंतर त्याने फक्त पहिल्याला घरी पाठवलं.

किंकाळ्यांचं खरंच सांगतोय. डू मारचं ऑडियन्स बघता बघता बारा ते सोळा वयाच्या मुलींचं झालं. भडक गुलाबी आणि हिरवा हे बँडचे रंग, शाळेत पोरं-पोरी त्या रंगात, दप्तरावर बॅज, बेशुद्ध पडणं, हॉटेलबाहेर गर्दी, सगळं आलं. आणि हे वाजवणारे कोण तर तिशी ओलांडलेले लोक, हिप्पी जमान्यातून आलेले, ज्यांची गाणी मुळात मोठ्यांसाठी लिहिलेली. एका हिटचं नावच "३२ वर्षं" असं आहे बघा, ते तेरा वर्षांच्या मुली घसा फोडून गातायत. 'नेडरवीट' हे गाणं म्हणजे गांजाची देशी लागवड कशी करावी यावर, तेही पाठ. यान्सचं 'डे बॉम' अणुबॉम्बवर, आणि ते मात्र काळाला धरून होतं, नोव्हेंबर १९८१ ला ॲमस्टरडॅममध्ये सुमारे ४ लाख लोक अण्वस्त्रांविरुद्ध रस्त्यावर आले होते आणि ऑक्टोबर १९८३ ला हेगमध्ये साडेपाच लाख, म्हणजे त्या छोट्या देशाच्या मानाने केवढे. पण कॉन्सर्टमध्ये ते गाणंही किंकाळ्यांखालीच जायचं.

आता प्रकरणाची गाठ इथे आहे. १९८३ संपता संपता बाहेरून बघणाऱ्याला प्रॉब्लेम काहीच नव्हता. रेकॉर्ड विकले जातायत, हॉल भरतायत, डच भाषेत गाता येतं हे सिद्ध झालंय आणि मागून डझनभर बँड डचमध्ये गायला लागलेत. आतून मात्र बँडला स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं, आणि हे मी अलंकारिक म्हणत नाहीये, स्टेजवर मॉनिटरपेक्षा (वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकवणारा स्पीकर) समोरचा आवाज मोठा असेल तर बेसिस्टला आपली नोट कुठे पडतेय तेच कळत नाही, आणि रेगेमध्ये सगळा खेळच ती नोट कुठे पडते याचा. शिवाय पुढच्या अल्बमचं दडपण होतं, आणि रस्त्यावर मोकळं फिरणंसुद्धा संपलं होतं.

मग काय करता आलं असतं? एखाददोन वर्षं सुट्टी घेता आली असती, बरेच बँड घेतात. तेच ऑडियन्स धरून अजून तीन अल्बम काढता आले असते, पैसे भरपूर मिळाले असते आणि मग एक दिवस त्या मुली मोठ्या झाल्या असत्या आणि बँड आपोआप विझला असता. किंवा व्ह्रींटनने बँड मोडून लगेच सोलो स्टार व्हायचं. त्यांनी सरळ बंद केला. १९८४ च्या सुरुवातीला बातमी फुटली तेव्हा ती अख्ख्या देशाची बातमी झाली, आणि १४ एप्रिल १९८४ ला डेन बॉसच्या मासपोर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. व्ह्रींटन तेव्हा ३५ वर्षांचा होता.

लगेच एक गंमत झाली ती सांगतो. त्याच वर्षी हेर्मान ब्रोड या रॉकरबरोबर त्याने एक ड्युएट केलं, 'आल्स ये विंट', "तू जिंकलास की", आणि पुढची ओळ साधारण "तुला मित्र असतात". डचमध्ये मित्र म्हणजे 'व्ह्रींडन'. आडनाव व्ह्रींटन. हा श्लेष त्याने सहज केला असेल असं मला नाही वाटत, नुकताच सगळ्यात जास्त जिंकून घरी बसलेला माणूस आहे. गाणं जोरात चाललं. म्हणजे सोलो स्टारचा दरवाजा सताड उघडा होता. त्याने पुढे स्वतःच्या नावावर अल्बमही काढले, अधूनमधून, पण मुख्य कामधंदा तो नव्हता.

मुख्य धंदा झाला सिनेमाचं संगीत, आणि यातलं जे काम जगभर पोचलं ते १९८८ चं 'स्पोरलोस'. इंग्रजीत 'द व्हॅनिशिंग'. जॉर्ज स्लाउझर डायरेक्टर, टिम क्राबेच्या कादंबरीवरून. थ्रिलरवाल्या लोकांनी बघितला असेल, नसेल तर बघा आणि शेवट कुणाला विचारू नका. एक डच जोडपं फ्रान्समध्ये सुट्टीला निघालंय, पेट्रोल भरायला हायवेवर थांबतात, ती कोल्ड्रिंक आणायला आत जाते आणि परत येतच नाही. भर दुपार, ऊन, गाड्या येतायत जातायत, सुट्टीवर निघालेल्या माणसांची गर्दी. या सीनला कुठलाही हुशार संगीतकार व्हायोलिन कापत बसला असता. इथे तसं काही होत नाही. व्ह्रींटनचं संगीत त्या सिनेमात थंड सिंथेसायझरवरचं, कमी, आणि बराच वेळ तर ते आहे की नाही तेच कळत नाही, तुम्ही हायवेचाच आवाज ऐकत बसता आणि पोटात गोळा येतो तो त्या रिकाम्या जागेने. मी दुसऱ्यांदा बघताना फक्त कान देऊन बघितला, पेट्रोल पंपाचा भाग तीनदा मागे नेऊन. मोक्याची मात्रा सोडून द्यायची ती जी सवय, ती मला तिथे दिसली. रेगेचा बेसिस्ट दुसरं काय करतो?

(१९९३ ला याच स्लाउझरने हॉलिवूडमध्ये याच गोष्टीचा रिमेक केला, जेफ ब्रिजेसला घेऊन, आणि संगीत दिलं जेरी गोल्डस्मिथने, म्हणजे त्या धंद्यातलं फार मोठं नाव. शेवटही बदलला. लोकांना अजून आठवतो तो डचवालाच, अर्थात त्यात शेवटाचा वाटा मोठा आहे, सगळं श्रेय मी संगीताला देत नाहीये.)

त्यानंतर टिम क्राबेचा भाऊ येरून क्राबे, हा मूळचा नट, बाँडच्या एका सिनेमात व्हिलन होता, त्याने दोन सिनेमे डायरेक्ट केले आणि दोन्हींना संगीत व्ह्रींटनचं. 'लेफ्ट लगेज' १९९८, अँटवर्पमधल्या कर्मठ ज्यू कुटुंबाची गोष्ट, आणि 'द डिस्कव्हरी ऑफ हेवन' २००१, हॅरी मुलिशच्या जाडजूड कादंबरीवरून. एकाच माणसाने हायवेवरची भीती, ज्यू घरातलं दुःख आणि देवदूतांचा कारभार असं तिन्हीला वाजवायचं म्हणजे स्वतःची "स्टाइल" घरी ठेवून यावं लागतं. बँडमध्ये असताना ते शक्य नसतं, तिथे लोक तुमची स्टाइल ऐकायलाच पैसे देतात.

आणि या सगळ्याच्या मधेमधे लहान मुलांचं काम. 'सेसमस्ट्राट', म्हणजे सेसमी स्ट्रीटचा डच अवतार, आणि 'हेट क्लॉकहाउस' हा मुलांचा माहितीचा कार्यक्रम, दोन्हींसाठी त्याने गाणी आणि संगीत केलं. आता जरा हिशोब लावा. १९८३ ला जी मुलगी तेरा वर्षांची होती आणि गुलाबी-हिरवं घालून रडत होती, ती १९९८ ला अठ्ठावीसची. तिचं तीन वर्षांचं पोर संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्याच माणसाची गाणी ऐकतंय आणि दोघींपैकी कुणीच त्याबद्दल किंचाळत नाहीये. मला या प्रकरणातला हा सगळ्यात गोड भाग वाटतो.

आता दुसरी बाजू पण मांडायला हवी, नाहीतर हे नुसतं कौतुक होईल. माझा एक मित्र जाहिरातींना जिंगल्स करतो, त्याचं म्हणणं असं की हे सगळं रोमँटिक करून सांगू नकोस, सिनेमाचा संगीतकार म्हणजे डायरेक्टरचा नोकर, रात्री अकराला फोन येतो की सीन चार सेकंदांनी कापला, सकाळपर्यंत दे, आणि लोकांना नाव माहीत नसतं. खरं आहे. डू मारचं एक गाणं अख्खा देश गुणगुणायचा, सिनेमाचं पार्श्वसंगीत कोण गुणगुणतं? व्ह्रींटनचं चाळीस वर्षांचं काम एका पारड्यात आणि '4us' दुसऱ्या पारड्यात टाकलं तर डच माणूस अजूनही '4us' कडेच झुकेल. पण मित्राचं एक चुकतं. तो धरून चालतो की नाव होणं हेच बेसिस्टला हवं असतं. काहींना नोट बरोबर पडायला हवी असते, बास.

बरं, पुढचं स्टेज त्याने कायमचं सोडलं असंही नाही. २००० साली डू मार परत एकत्र आला, नवा अल्बम काढला, नाव 'क्लार', म्हणजे "झालं" किंवा "तयार", दोन्ही अर्थ निघतात, आणि रॉटरडॅमच्या आहॉय हॉलमध्ये कार्यक्रम लावले. एक नाही, दोन नाही, १६. सगळे फुल. समोर त्याच मुली, आता तिशीच्या, म्हणजे त्या ३२ वर्षांच्या गाण्याच्या वयाला अखेर येऊन पोचलेल्या. आता बहुतेक बेस ऐकू गेला असेल. नंतरही अधूनमधून ते एकत्र आले, पण मग परत आपापल्या कामाला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती त्याच्या मूकपटांच्या कामाची. ॲमस्टरडॅमच्या फिल्म म्युझियमने 'झेमान्सफ्राउवेन' ("खलाशांच्या बायका") हा १९३० चा सिनेमा काढला. हा खरं तर पहिला डच बोलपट व्हायचा होता, पण पैसे कमी पडले आणि मुकाच राहिला. नट पडद्यावर बोलतायत, आवाज नाही. २००३ मध्ये म्युझियमने काय केलं तर ओठ वाचणाऱ्या लोकांना बसवलं, कोण काय बोलतंय ते काढलं, त्यावरून संवाद उभे केले, नव्या नटांचे आवाज भरले आणि संगीत दिलं व्ह्रींटनने. विचार करा, त्र्याहत्तर वर्षांपूर्वी हललेल्या ओठांना आवाज, आणि त्याखाली बसवायचं संगीत. इथे डायरेक्टर फोन करून चार सेकंद कापायला सांगू शकत नाही, तो कधीच गेलाय. चित्र हलणार नाही, तुम्हीच हलायचं.

दुसरं काम त्याहून गाजलं. ग्लोरिया स्वानसन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, दोघंही त्या काळचे सगळ्यात मोठे स्टार, एकत्र फक्त एकाच सिनेमात आले, 'बियाँड द रॉक्स', १९२२. तो हरवला होता. कित्येक दशकं. मग हॉलंडमध्ये हार्लेमच्या एका संग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याचे गंजके डबे म्युझियमकडे आले, सुमारे दोन हजार, आणि त्यांत या सिनेमाची रिळं वेगवेगळ्या डब्यांत विखुरलेली सापडत गेली. जोडून, साफ करून २००५ ला ॲमस्टरडॅममध्ये दाखवला, त्याच वर्षी कानमध्येही. संगीत व्ह्रींटनचं. (आपल्या फाळक्यांच्या बऱ्याच मूकपटांचं आज नुसतं नाव शिल्लक आहे, त्यामुळे हे वाचताना पुण्यात बसून जरा जळजळ होतेच.) सिनेमाची गोष्ट फार काही ग्रेट नाही, श्रीमंत म्हाताऱ्याशी लग्न झालेली तरुण मुलगी आणि तिला दर थोड्या वेळाने कुठूनतरी वाचवणारा देखणा लॉर्ड, एकदा पाण्यातून, एकदा आल्प्सच्या कड्यावरून. पण व्ह्रींटनने त्यात वाद्यांबरोबर आसपासचे आवाजही मिसळले, आणि यावर मूकपटवाल्या कट्टर लोकांनी कुरकुर केली की मूकपटात पियानो नाहीतर ऑर्गन असावा, हे काय. मला त्यांची बाजू समजते पण ती मान्य नाही. पियानो लावला की आपण १९२२ कडे बघतो, आणि हे असं केलं की थोडा वेळ तरी आपण त्या खोलीत असतो. काही ठिकाणी जास्त झालंय हे मात्र कबूल.

२००७ ला 'सिस्के डे राट' आणि २०१० ला 'पेटीकोट' ही म्युझिकल्स केली. नंतर तर तीन म्हाताऱ्यांचा एक ग्रुप पण काढला, हा, गायक बाउडवाइन डे ख्रोट आणि गोल्डन इअररिंगचा जॉर्ज कॉयमान्स, नाव 'फ्रेम्डे कॉस्टगँगर्स', शब्दशः चमत्कारिक पेइंग गेस्ट. तिघांनाही आता कुणाला काही दाखवायचं उरलं नव्हतं, आणि ते ऐकताना कळतं.

२०२१ ला डू मारची परत एक टूर ठरली होती, ती रद्द करावी लागली, व्ह्रींटनला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. २५ एप्रिल २०२२ ला तो गेला, ७३ व्या वर्षी. मी त्या रात्री 'इज डिट आलेस' परत काढलं, या वेळी गायचं नाही असं ठरवून, नुसता बेस. तिसऱ्या फेरीत एक मात्रा सोडायची असते, ती मी दरवेळी भरून टाकतो, अजूनही.